डॉक्टर, एकदा विचारा: मुलाचे वडील काय काम करतात?

महाराष्ट्रातल्या सर्व बालरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात 19 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजनं घेणं, दंडघेर मोजणं, लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा 1 मिली मोजून पाजणं, जंताची गोळी समोर उभं राहून चावायला लावणं हे माझं रोजचं काम. कुठलं मूल पांढरं पडतंय, कुठल्याचं वजन तीन महिने हललेलं नाही, हे मला नोंदवहीत लिहिण्याआधी डोळ्यांना कळतं. एवढं कळत असून माझ्याच घरातलं मूल मला कळलं नाही, आणि ज्या तीन डॉक्टरांकडे मी त्याला नेलं त्यांनाही कळलं नाही. राग म्हणून हे पत्र लिहीत नाही. तुमच्या हातात एक प्रश्न आहे, तो विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि माझ्या मुलाच्या बाबतीत तो 14 महिने कुणी विचारला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं पुढे दुकान, मागे घर. आमच्या ह्यांचं बॅटरी दुरुस्तीचं काम. ट्रॅक्टर, ट्रक, पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरचे इन्व्हर्टर. कारखान्याचा सीझन सुरू झाला की रात्री अकरापर्यंत दुकान उघडं असायचं. बॅटरी फोडायची, खराब सेलच्या प्लेटी बाहेर काढायच्या, चांगल्या घालायच्या, कढल्यात शिसं वितळवून नवीन पोस्ट, म्हणजे वायर जोडायचा खुंटा, ओतायची. पॉझिटिव्ह प्लेट चॉकलेटी असते आणि निगेटिव्ह राखाडी. जुनी झाली की दोन्हींची भुकटी होते. गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, त्यामुळे दिवसभरात हातापायाला, पँटच्या दुमडीला, डोक्याच्या केसांना जे काही लागायचं ते शिसंच.

कपडे मी धूत होते. अ‍ॅसिडने भोकं पडलेल्या त्यांच्या पँटी बादलीत टाकल्या की पाणी पाटीवरच्या ओल्या पेन्सिलीसारखं करडं व्हायचं आणि तळाला गाळ बसायचा. त्याच बादलीत पुढे मुलांचे कपडे. भर दुपारी मी ओसरी झाडायची, तेव्हा उन्हाच्या कवडशात धूळ चमकायची. धाकटा माझ्या झाडूमागे रांगत यायचा. तो पोटात होता तेव्हाही त्याच पँटी मी पिळल्या आहेत.

तो चार वर्षांचा झाला आणि त्याचं वजन थांबलं. पोट दुखतं म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचा. शौचाला चार-चार दिवस नाही. चेहरा फिकट. आधी चार-पाच बडबडगीतं घडाघडा म्हणणारं मूल अर्ध्यात थांबायला लागलं, मग चिडायला लागलं, मग शेजारच्या मुलांना चावायला लागलं. हिमोग्लोबिन 7.9 निघालं. पहिल्या डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं. दुसऱ्यांनी जंताचं औषध पुन्हा दिलं आणि सिरप बदललं. तिसऱ्यांना अपेंडिक्सची शंका आली, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. प्रत्येक जण आपुलकीने वागला हे मला सांगितलंच पाहिजे. आणि प्रत्येकाच्या केसपेपरवर, नावाच्या खाली, एक रकाना होता: पालकांचा व्यवसाय. तिथे क्लार्कने विचारलं, हे म्हणाले, "दुकान आहे." त्याने लिहिलं, "धंदा." तीन कागदांवर तीनदा "धंदा" लिहिलेलं आहे. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

पुढे मोठ्या शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, वय असेल पंचवीस-सव्वीस. रक्ताची काच तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके तिला दिसले. ती परत आली ती थेट ह्यांच्याकडे बघत. "काका, कसलं दुकान?" हे म्हणाले, "बॅटरीचं." तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग तिने ह्यांचे हात उलटे करून नखं पाहिली, जेवायला कुठे बसता विचारलं, घर दुकानापासून किती लांब आहे ते विचारलं. त्या दहा मिनिटांत माझ्या मुलाचा आजार सापडला.

रक्तातलं शिसं 52 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. ह्यांचं 61. माझं 17. मोठी मुलगी शाळेसाठी आजोळी राहत होती, तिचं 6. एकाच आईची दोन मुलं, एक दुकानामागे वाढलं आणि एक मामाच्या मळ्यात, एवढाच काय तो फरक.

गावात सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, पेन्सिली खात होता का? शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. नाव तेवढं शिशाचं राहून गेलं. गंमत वाटावी अशी गोष्ट नाही ही. ज्या वस्तूत शिसं नाही तिच्या नावात आपण ते ठेवलं, आणि जिथे खरोखर आहे तिथे त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

तुम्हाला वैद्यक शिकवायची माझी पात्रता नाही. पण मुलगा आजारी पडल्यावर जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, त्यातली एक गोष्ट माझ्या रोजच्या कामाला इतकी भिडते की ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. शरीर शिशाला ओळखत नाही, ते त्याला कॅल्शियम समजतं. म्हणून ते हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर जुनं शिसंही सुटतं आणि नाळेतून बाळापर्यंत जातं. रक्तात असताना ते हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणतं, शेवटच्या पायरीला लोह जागेवर बसूच देत नाही. म्हणून लोह देऊनही मूल पांढरं राहतं. आणि उलटंही खरं आहे: ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, त्याचं आतडं शिसं जास्त ओढून घेतं, कारण दोघांची आत शिरायची वाट बऱ्याच अंशी एकच आहे. मोठ्या माणसाच्या पोटात जेवढं शिसं शोषलं जातं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या पोटात शोषलं जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रांगणारं मूल, जमिनीवरचा हात तोंडात, अंगात लोह कमी. याच्याहून सोपी वाट शिशाला कुठे मिळणार?

आता आपल्या राज्याचा आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली 6 महिने ते 5 वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्याच्या आधीच्या फेरीत हा आकडा 53.8 होता. यातल्या बऱ्याच जणांना खरोखरच लोह कमी पडतं, ते मी रोज बघते. म्हणून सिरप थांबवा असं मी म्हणणार नाही, उलट ते द्याच. पण दोन-तीन महिने नेमाने पाजूनही जे मूल वर येत नाही, त्याचं काय? माझ्या नोंदवहीत अशी मुलं दरवर्षी असतात. आम्ही आईला विचारतो, औषध नेमाने देतेस ना? ती देत असते. मग आम्ही म्हणतो, पालेभाजी दे.

याच सर्वेक्षणाच्या 1998-99 सालच्या फेरीत मुंबई आणि दिल्लीच्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. 2000 साली ते देशभर बंद झालं, आणि त्या निर्णयाने कित्येक मुलांची डोकी वाचली असतील. पण त्यानंतरच्या फेऱ्यांत शिसं मोजलेलं नाही. हिमोग्लोबिन घरोघर मोजतो, शिसं मोजत नाही, आणि जे मोजत नाही ते नसतंच असं धरून चालतो. 2020 साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांनी अंदाज काढला की भारतातल्या सुमारे 27 कोटी 50 लाख मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं आहे. 5 हा आकडा तुम्हाला माहीत आहेच. तो आकडा गाठला की शिसं येतंय कुठून ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 सालचं मार्गदर्शन आहे. सुरक्षित पातळी म्हणून त्यांनी कुठलाच आकडा दिलेला नाही.

बॅटरीवरच मी अडून बसले आहे असं वाटेल. पण जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा अशा बॅटऱ्यांतच जातो. सेनेगल देशात डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथल्या बाया जुन्या बॅटऱ्यांची माती चाळून शिसं वेचायच्या. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या पाच महिन्यांत तिथे 18 मुलं दगावली. आधी कुणाला कारण कळलं नाही. त्या चाळणीचं वर्णन वाचताना मला माझी बादली दिसली.

बॅटरीशिवायच्या वाटाही आहेत, थोडक्यात सांगते. जुन्या दारांवरचा आणि गजांवरचा पोपडे सुटलेला ऑइलपेंट: घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, पण त्याआधीचा रंग दारांवर अजून तसाच आहे. कल्हई करताना कथलात शिसं मिसळणारे आहेत. भंगार वितळवून ओतलेली स्वस्तातली पातेली आहेत. काही सुरम्यांत आणि घरगुती काजळात ते असतं. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळतात. बांगलादेशात 2019 साली बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, सरकारने धाडी घातल्या, गावोगाव सांगितलं, आणि 2021 मध्ये ते शून्यावर आलं. मनात आणलं तर दोन वर्षांत होतं, हे मला त्यातून फार दिलासा देऊन गेलं. आमच्याकडे मी आता हळकुंडं घेते आणि गिरणीत समोर दळून आणते. फार तेजस्वी पिवळी दिसली तर घेत नाही.

शेंदराबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण तो आपल्या घरातला, देवाच्या दारातला आहे. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साइड. बाजारात आता दुसरेही लाल-केशरी रंग त्याच नावाने मिळतात, पण पुडी बघून कुणाला ओळखू येत नाही. शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर वाहून आजी घरी येते, त्याच बोटाने नातवाच्या कपाळाला टिळा लावते, आणि नातू कपाळ चोळून बोटं तोंडात घालतो. हे मी शंभरदा पाहिलं आहे. मी शनिवार करते, सोडलेला नाही. पण आता देवळातून आले की हात साबणाने धुऊन मगच मुलांना जवळ घेते, आणि अंगणवाडीत येणाऱ्या आज्यांना तेवढंच सांगते. देवाचा अपमान होईल असं काही बोलले असते तर एकीनेही ऐकलं नसतं. हात धुवा म्हटलं तर सगळ्या ऐकतात.

तुमच्याही बाबतीत मला हेच सांगायचं आहे. प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर अवलंबून असतं. आमचे हे तीन ठिकाणी "दुकान" म्हणाले त्यामागे भीती होती. बॅटरीचं काम सांगितलं तर कुणी प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे तक्रार करेल, दुकान बंद पडेल, पाच माणसांच्या पोटाचं काय, अशी ती भीती. त्या शिकाऊ मुलीने "तुमच्यामुळे मुलाला विष झालं" असं म्हटलं असतं तर हे तिथून उठून आले असते, मला खात्री आहे. ती म्हणाली, "काका, तुमच्याही अंगात गेलंय का ते बघू. तुम्हालाही पोटदुखी, सांधेदुखी आहे का?" होती. आठ वर्षं होती. कुणी विचारली नव्हती. त्या दिवसापासून ह्यांनी तिचा प्रत्येक शब्द पाळला.

इटलीत मोडेना इथे बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसने रोग्याला विचारायचे जे प्रश्न सांगितले त्यात माझा एक घाला, असं त्यांनी 1700 साली लिहून ठेवलं: तू काम काय करतोस? डॉक्टर, सव्वातीनशे वर्षं झाली. केसपेपरवर तो रकाना आहेही. तो क्लार्ककडून तुमच्याकडे यावा एवढंच माझं मागणं आहे. "धंदा" या उत्तरावर थांबू नका. कसला धंदा, घरापासून किती लांब, कामाचे कपडे कोण धुतं, आजूबाजूला भंगाराची भट्टी आहे का, आई कुठे कामाला जाते, मूल माती खातं का, हे विचारा. आणि लोहाला दाद न देणारा रक्तक्षय, कारण न सापडणारी पोटदुखी, शौचाचा त्रास, बोलता बोलता मागे पडलेलं मूल समोर असेल, तर रक्तातलं शिसं तपासायला लिहून द्या. नमुना शिरेतून घ्यायला सांगा, कारण बोटाला टोचलं तर बोटावरची धूळच आकडा फुगवते. जिल्ह्याच्या गावातून नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांत रिपोर्ट येतो. आमच्या नको असलेल्या सोनोग्राफीला जेवढा वेळ आणि जीव गेला, त्याहून हे सोपं होतं.

वेळेचं महत्त्व का, तेही सांगते. माझ्या मुलाला शिसं धरून लघवीतून बाहेर काढणाऱ्या औषधाचा कोर्स दिला. 52 चं 24 झालं. आनंदाने मी पेढे वाटले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर 31. हाडातलं बाहेर आलं होतं. आम्ही दुकान घरापासून हलवलं, भाड्याचा गाळा घेतला, हे तिथेच अंघोळ करून कपडे बदलून घरी यायला लागले, मी झाडू सोडून ओल्या फडक्याने फरशी पुसायला लागले. दोन वर्षांनी आकडा 14 वर आला. हिमोग्लोबिन 11 च्या वर गेलं, पोटदुखी गेली, गाल भरले. गेलेलं सगळं मात्र आलं नाही. अमेरिकेत 780 लहान मुलांवर असं औषध देऊन पाहिलं होतं, निष्कर्ष 2001 साली आला: रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत औषध घेतलेली मुलं पुढे गेली नाहीत. एकदा मेंदूवर झालेला परिणाम गोळीने पुसला जात नाही. माझा मुलगा आता 11 वर्षांचा आहे. गोड आहे, शेळ्यांवर त्याचा फार जीव. सातचा पाढा सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. मग तो माझ्याकडे बघतो, आणि त्या बघण्याला माझ्याकडे उत्तर नसतं. ते 14 महिने लवकर कळलं असतं तर किती वाचलं असतं, हे मला कुणी सांगू शकत नाही. काही तरी नक्की वाचलं असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. दात, डोळे, हृदय, वाढ, सगळं तपासतं. त्यांच्या यादीत शिसं नाही. तुमच्यातले जे अशा पथकांना शिकवतात, समित्यांवर बसतात, त्यांनी हा एक प्रश्न तिथे नेला तर माझ्यासारख्या हजारो सेविकांच्या हाती तो येईल. तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने एक रेघ ओढून आणखी एक रकाना केला आहे: घरातली माणसं काय काम करतात. माझ्या 34 मुलांमध्ये एकाचे वडील भंगाराच्या गोदामात आहेत, एकाचे रेडिएटरला डाग देतात, एकाचा काका बॅटरीवाला आहे आणि एकाच अंगणात राहतो. तिघांचीही हिमोग्लोबिनं 9 च्या आत आहेत.

तिघांच्या आयांना मी चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत. वहीचं पान फाडून, हाताने लिहिलेल्या. त्यावर मुलाचं वजन, लोहाचं औषध किती महिने चालू आहे ते, आणि घरातल्या कामाचं नाव आहे. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी त्या तालुक्याला येतील. त्यातली एक बोलायला फार लाजते, चिठ्ठी नुसती टेबलावर ठेवेल.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका